साडेआठ महिने झाले, बाळ अजून रांगत नाही, काय करू?

आधी तुमचा प्रश्न थोडक्यात मांडते म्हणजे बाकी वाचणाऱ्यांनाही संदर्भ लागेल. मुलगा साडेआठ महिन्यांचा, पस्तिसाव्या आठवड्यात झालेला, जन्माचं वजन २ किलो १०० ग्रॅम, सुरुवातीला काही दिवस काचेच्या पेटीत आणि काविळीसाठी लाइटखाली होता. आता पालथा पडतो, परत उताणा होतो, हात टेकवून बसतो पण डुलतो, रांगायचं नाव नाही. जावेची मुलगी त्याच्याच वयाची, ती घरभर रांगते आणि पलंगाला धरून उभी राहते. सासूबाई म्हणतात वॉकर आणा, मिस्टर म्हणतात होईल आपोआप, आणि तुम्हाला पुढच्या महिन्यात ऑफिस जॉइन करायचंय, रात्र रात्र झोप नाही.

मी लहान मुलांची डॉक्टर आहे आणि माझं बरंचसं काम बाळांच्या वाढ-विकासाच्या तक्रारींचंच आहे, तर सविस्तरच लिहिते.

पहिली गोष्ट, वय नीट मोजा. बाळ पाच आठवडे आधी झालंय ना, मग विकास बघताना ते पाच आठवडे वजा करायचे. म्हणजे तुमचा मुलगा रांगण्या-बसण्याच्या हिशोबाने सव्वासात महिन्यांच्या आसपास आहे, साडेआठ नाही. हे करेक्टेड वय साधारण दोन वर्षांपर्यंत धरतात. जाऊबाईंची मुलगी पूर्ण दिवसांची असेल तर त्या दोघांची तुलना मुळातच चुकीची आहे, एकाच महिन्यात जन्मले म्हणून ते एका वयाचे होत नाहीत. फक्त लसीकरणाला हा हिशोब लावू नका हं, लसी जन्मतारखेप्रमाणेच द्यायच्या.

आता रांगण्याचं. जागतिक आरोग्य संघटनेने भारत, घाना, नॉर्वे, ओमान आणि अमेरिका इथल्या निरोगी मुलांना महिनोन् महिने बघून २००६ मध्ये आकडे प्रसिद्ध केले, आपल्याकडची मुलं दिल्लीची होती. त्यात आधाराशिवाय बसणं ३.८ ते ९.२ महिने, हात-गुडघ्यांवर रांगणं ५.२ ते १३.५ महिने आणि स्वतःचं स्वतः चालणं ८.२ ते १७.६ महिने असा पसारा आहे. बघा केवढी मोठी रेंज आहे! आणि त्यातली ४ टक्क्यांच्या वर मुलं हात-गुडघ्यांवर रांगलीच नाहीत, कुणी पोटावर सरपटत गेलं, कुणी ढुंगणावर सरकत, कुणी थेट उभंच राहिलं, आणि ही सगळी निरोगी मुलं होती. त्यामुळे सव्वासात महिन्यांचं बाळ रांगत नाही ही माझ्या लेखी तक्रारच नाही. हात टेकवून बसतोय, दोन्ही बाजूंना लोळतोय, म्हणजे गाडी पुढे चाललीये.

पण मग सगळं ठीक आहे असं सांगून मी थांबणार नाही, कारण तुमच्या पत्रात मला दुसऱ्याच दोन गोष्टी खटकल्या, त्याकडे घरात कुणाचं लक्ष गेलेलं दिसत नाही. आपल्याकडे बाळाचा विकास म्हटला की सगळं घर पायांकडे बघतं. बसला का, रांगला का, उभा राहिला का, पाऊल टाकलं का. पहिल्या वर्षात मी पाय सगळ्यात शेवटी बघते, त्याआधी डोळे, कान आणि हात. मेंदूचं काम कसं चाललंय हे तिथे आधी कळतं.

हातांचं सांगते. माझ्याकडे बाळ आलं की आईच्या मांडीवर बसवून समोर ताटलीत मऊ भाताची दोन-चार शितं ठेवते आणि गप्प बसते. सहा-सात महिन्यांचं बाळ सगळा पंजा फिरवून ती ओढायला बघतं, शीत तळहाताला चिकटतं आणि मग ते हाताकडेच बघत बसतं. नऊच्या आसपास अंगठा कामाला लागतो, शीत अंगठा आणि तर्जनीच्या कडेत धरलं जातं. आणि दहा-अकराव्या महिन्यात अंगठ्याचं टोक आणि बोटाचं टोक, अगदी नीट चिमूट, शीत उचललं आणि तोंडात. हा बदल होताना बघणं मला आजही फार आवडतं, रांगण्याचा व्हिडिओ सगळे काढतात पण चिमटीचा कुणी काढत नाही. तुम्ही लिहिलंय की तो खुळखुळा या हातातून त्या हातात घेतो. उत्तम आहे, सहा-सात महिन्यांचं हे महत्त्वाचं काम आहे. तुम्ही फक्त एक बघा, दोन्ही हात सारखे वापरतो का. खेळणं डावीकडे धरलं तरी उजव्याच हाताने घेतो आणि डावा हात मुठीत आवळलेला, असं वर्षाच्या आत दिसलं तर लोक कौतुकाने उजखोरा किंवा डावखुरा म्हणतात, पण या वयात तसं ठरत नाही, दुसऱ्या हातात कमजोरी असू शकते आणि ते दाखवायलाच हवं.

आता खटकलेली पहिली गोष्ट: कान. लाइटखाली ठेवलेली कावीळ, कमी दिवस, कमी वजन, काचेची पेटी, आणि श्रवणाची तपासणी झाली का यावर तुमच्या पत्रात एक अक्षर नाही. दवाखान्यातून सोडताना ओएई, म्हणजे ऐकण्याची प्राथमिक चाचणी, केली असेल तर फाईलमध्ये कागद असेल, शोधा. नसेल तर करून घ्या. तुमच्या बाळासारख्या मुलांना मी नुसत्या ओएईवर न थांबता बेरा, म्हणजे कानापासून मेंदूपर्यंतच्या नसेची चाचणी, हीही करायला सांगते, कारण काविळीचा परिणाम कधी कधी कानापासून मेंदूकडे जाणाऱ्या नसेवर होतो आणि तो ओएईत पकडला जात नाही. घरी थाळी वाजवून बघू नका. थाळी वाजवणारा हात बाळाला डोळ्याच्या कोपऱ्यातून दिसतो, जमिनीचा हादरा लागतो, ते दचकतं आणि घरचे म्हणतात ऐकू येतंय की. ऐकू न येणारं बाळही सुरुवातीचे पाच-सहा महिने अगदी छान आ-ऊ करतं, हुंकार देतं, म्हणूनच कुणाला शंका येत नाही, आणि मग हळूहळू त्याचे आवाज कमी होत जातात. तुमचा मुलगा बा-बा-बा, दा-दा-दा अशी लडी लावतो असं तुम्ही लिहिलंय, ते मला आवडलं, पण तरी तपासणी कराच. ऐकण्याचा दोष सहा महिन्यांच्या आत-बाहेर सापडला आणि मशीन लागलं तर भाषेवर होणारा फरक फार मोठा असतो, दोन वर्षं वाट बघून "अजून बोलत नाही" म्हणून आलेल्या मुलाला तेवढं परत मिळवून देणं अवघड जातं.

डोळ्यांचं थोडक्यात: नजर देतो, ओळखीचं माणूस दिसलं की खुलतो, हातातून पडलेली वस्तू वाकून शोधतो, म्हणजे चांगलं चाललंय. या वयात डोळा तिरळा दिसत असेल तर "मोठेपणी जाईल" म्हणून सोडू नका. आणि फ्लॅशने काढलेल्या फोटोत एका डोळ्याच्या बाहुलीत पांढरी चमक दिसली तर दुसऱ्याच दिवशी डोळ्याच्या डॉक्टरकडे, ही थांबायची गोष्ट नाही.

खटकलेली दुसरी गोष्ट म्हणजे खाणं, आणि इथे मी जरा जास्त वेळ घेणार आहे. तुम्ही लिहिलंय की शी काळी होते म्हणून लोहाचे ड्रॉप्स चौथ्या महिन्यात बंद केले, घरात माळकरी वातावरण आहे, अंडंसुद्धा येत नाही, तुम्हाला दूध आवडत नाही, आणि बाळ अजून मुख्यतः अंगावरच पितो, वरून दोन चमचे भाताचं पाणी. बाळ लोहाचा साठा आईच्या पोटातून घेऊन येतं आणि त्यातला बराचसा शेवटच्या दोन-तीन महिन्यांत जमा होतो, तुमच्याकडे ते शेवटचे आठवडेच कमी पडले. लोह कमी पडायला लागलं की शरीर आहे ते रक्त बनवायला आधी वापरतं, म्हणजे हिमोग्लोबिन उतरलेलं दिसायच्या आधीपासूनच मेंदूच्या वाट्याला कमी येत असतं. शी काळी होते ती लोहामुळेच, त्याने काही बिघडत नाही. ड्रॉप्स परत सुरू करा, डोस तुमच्या डॉक्टरांकडून आजच्या वजनावर ठरवून घ्या. व्हिटॅमिन डीचे रोजचे ४०० युनिट एक वर्षापर्यंत चालू हवेत.

आणि व्हिटॅमिन बी१२. याची कमतरता आपल्या महाराष्ट्रात मला इतकी दिसते की कळकळीने सांगते. पुण्यात डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी आसपासच्या गावांतल्या गरोदर बायकांचा जो मोठा अभ्यास केला त्यात बी१२ ची कमतरता मोठ्या प्रमाणावर दिसली होती. आईत कमी म्हणजे दुधात कमी, दुधात कमी म्हणजे बाळात कमी. अशी बाळं कशी दिसतात माहितीये? गुबगुबीत असतात, वजन छान असतं, म्हणून कुणाला आजारी वाटतच नाहीत. आई सांगते की फार शांत आहे हो, काही त्रास देत नाही. पण जवळून बघा, रंग फिकट, केस विरळ आणि तपकिरी झालेले, बोटांच्या पेरांवर काळपटपणा, चेहऱ्यावर काही भावच नाही, खुळखुळा वाजवला तर बघून परत नजर खाली. आणि मग कळतं की महिन्यापूर्वी बसत होतं ते आता बसत नाही, हसायचं ते हसत नाही. वेळेत सापडलं आणि बी१२ ची इंजेक्शनं सुरू झाली की बऱ्याचदा आठवड्याभरात ते बाळ आईकडे बघून हसतं. उशीर झाला तर मात्र सगळंच भरून येईल याची खात्री देता येत नाही. तुमचा मुलगा तुम्ही लिहिलंय त्यावरून असा अजिबात वाटत नाही, तो हसरा आहे, पण तुमची आणि त्याची दोघांची तपासणी करून घ्या, हिमोग्लोबिन आणि बी१२, आणि तुम्ही स्वतः गोळी सुरू करा. त्यासाठी माळ काढायला लागत नाही, दूध-दही-ताक थोडं आणि डॉक्टरांनी दिलेली गोळी नियमित, बस्स.

भाताचं पाणी बंद करा, त्यात काहीच नसतं, फक्त पोट भरतं. मऊ मुगाची खिचडी बोटाने कुस्करून, वर घरचं तूप, नाचणीची खीर, शिजवलेला भोपळा-गाजर-बटाटा, वरणात कुस्करलेली पोळी, केळं, असं दिवसातून दोन-तीनदा, घट्टसर, चमचा उलटा केला तर पटकन ओघळणार नाही एवढं. मिक्सरमधून गुळगुळीत करू नका, बारीक कण राहू देत, नाहीतर वर्षाचा झाल्यावर गिळेल तेवढंच खाईल, चावणार नाही. एक वर्षापर्यंत मीठ-साखर नको. बाळगुटीत मध उगाळतात असं लिहिलंय ते आजपासून थांबवा, वर्षाच्या आत मधातून बॉट्युलिझम नावाच्या विषबाधेचा धोका असतो, कमी असला तरी जिवावरचा आहे.

जेवताना मोबाइल लावता, तो बंद. एक वर्षाच्या आत स्क्रीन अजिबात नको असं जागतिक आरोग्य संघटनाही सांगते आणि मी माझ्या अनुभवावरून सांगते की मोबाइलवर खाणाऱ्या बाळाला पोट भरलंय की नाही हेच कळत नाही. पहिले चार-पाच दिवस रडारड होईल, कमी खाईल, होऊ दे.

वॉकरबद्दल. सासूबाईंचं म्हणणं प्रेमापोटीच आहे, त्यांच्या काळी लाकडी पांगुळगाडा असायचा. पण पांगुळगाड्यात मूल स्वतःच्या पायावर उभं राहून गाडा पुढे ढकलतं, तोल स्वतः सांभाळतं. आजच्या चाकांच्या वॉकरमध्ये ते लोंबकळत बसतं, पायाच्या बोटांनी जमीन ढकलतं, पोट-पाठ-कंबरेचे स्नायू कामच करत नाहीत, त्यामुळे चालणं लवकर येत नाही, उलट थोडं मागेच पडतं. शिवाय उंबरा, जिना, गॅसवरचा चहा, टेबलावरून लोंबणारी वायर, वॉकरमधलं मूल सेकंदात पोचतं. कॅनडाने तर २००४ मध्ये बेबी वॉकरवर थेट बंदी घातली. सासूबाईंना सांगा की धरून नीट उभा राहायला लागला की आपण पांगुळगाडाच आणू, पाठीमागे तुम्ही चालायचं.

त्याला रांगायला काय लागतं तर जमीन. तुम्ही लिहिलंय की पडेल म्हणून दिवसभर कडेवर, झोळीत किंवा पलंगावर उशांच्या मध्ये असतो. मग रांगणार कुठे? खाली सतरंजी किंवा जाड गोधडी घाला, पॅंट काढा म्हणजे गुडघ्याला पकड मिळेल, मोजे नकोत, आणि जागेपणी दिवसातून पाच-सहा वेळा थोडा थोडा वेळ पालथा ठेवा. रडतो कारण सवय नाही. तुम्ही समोर पालथ्या पडा, चेहऱ्याला चेहरा, पहिल्यांदा दोनच मिनिटं. छातीखाली टॉवेलची गुंडाळी ठेवली तर सोपं जातं. हाताच्या थोडं पलीकडे स्टीलची वाटी-चमचा ठेवा, महागडी खेळणी लागत नाहीत. झोपवताना मात्र पाठीवरच. मालीश चालू ठेवा, बाळाला छान वाटतं, फक्त नाकात-कानात तेल घालणं, छाती पिळणं, पाय ओढून उलटे-सुलटे करणं मालीशवाल्या बाईंना ठामपणे नको सांगा. काजळही नको, त्यात शिसं असू शकतं.

आता थांबायचं कुठपर्यंत तेही सांगते, म्हणजे उगाच रोज धाकधूक नको. करेक्टेड वयाने नऊ-साडेनऊ महिने झाले तरी आधाराशिवाय बसला नाही, दहाव्या महिन्यापर्यंत बा-बा दा-दाची लडी थांबली किंवा आवाजच कमी झाले, वर्षाचा होताना नावाने हाक मारली तर वळत नाही, टाटा करत नाही, बोटाने दाखवत नाही, तर दाखवा. अंग फार ताठ वाटतं, लंगोट बांधताना पाय उघडत नाहीत, कात्रीसारखे होतात, किंवा उलट उचललं की हातातून निसटल्यासारखं सैल, तर वयाची वाट न बघता दाखवा. आणि आधी येत असलेली कुठलीही गोष्ट यायची बंद झाली तर त्याच आठवड्यात, मग ती बसणं असो की नुसतं हसणं.

आता तुमच्याविषयी. मिस्टर "होईल आपोआप" म्हणतात तेव्हा त्यांचं अर्धं बरोबर आहे, पण त्यात तुम्ही एकटीने रात्र काढायची हे आपोआप कसं आलं? रात्रीचं एक उठणं त्यांचं, संध्याकाळचा जमिनीवरचा खेळ त्यांचा, हे ठरवून घ्या, बाळाला बापाचा आवाज आणि दांडगाई दोन्ही लागतं. आणि एक प्रश्न स्वतःला विचारा: बाळ झोपल्यावर तुम्हाला झोप लागते का? तेव्हाही लागत नसेल, सतत रडू येतं, कशात मन लागत नाही, आपण आई म्हणून नालायक आहोत असं वाटतं, आणि हे दोन आठवड्यांहून जास्त चाललंय, तर तो तुमचा स्वभाव नाही, बाळंतपणानंतरचं डिप्रेशन असू शकतं, ते पहिल्या वर्षात कधीही येतं आणि बरं होतं. टेली मानस या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनचा नंबर १४४१६, सरकारी आहे, फुकट आहे, मराठीत बोलता येतं. स्वतःला किंवा बाळाला काही करावं असे विचार येत असतील तर आत्ताच घरच्यांना सांगा, आजच डॉक्टर.

ऑफिस जॉइन करा, त्याचा अपराध वाटून घेऊ नका. फक्त हेच वय अनोळखी माणसाला घाबरायचं आणि आई दिसली नाही की रडायचं आहे, त्यामुळे सांभाळणारं जे कुणी असेल त्यांच्यासोबत आतापासून रोज थोडा वेळ ठेवायला लागा, आधी तुम्ही समोर असताना, मग दुसऱ्या खोलीत. चोरून निघून जाऊ नका, टाटा करून जा, रडला तरी चालेल. पदराआड लपून भोऽऽ करायचा खेळ भरपूर खेळा, गेलेलं माणूस परत येतं हे बाळ त्यातूनच शिकतं. दूध काढून फ्रीजमध्ये आतल्या बाजूला ठेवा, कोमट पाण्यात वाटी ठेवून गरम करा, बाटलीऐवजी वाटी-चमच्याने द्या. आणि बाळ पंधरा महिन्यांचं होईपर्यंत रोज दोन नर्सिंग ब्रेक हा कायद्याने तुमचा हक्क आहे, दूध काढायला ते घ्या, एचआरला सांगायला लाजू नका. ५० किंवा जास्त कर्मचारी असतील तर पाळणाघराची सोयही द्यावी लागते, विचारा.

नऊ महिने पूर्ण झाले की एमआरचा (गोवर-रुबेलाच्या लसीचा) पहिला डोस आणि व्हिटॅमिन ए असतं. लस टोचून लगेच पळू नका, त्याच वेळी डॉक्टरांना सांगा की विकास तपासून द्या. आदल्या दिवशी मोबाइलवर चार छोटे व्हिडिओ काढा: पालथा असताना, बसलेला, दोन्ही हातांनी खेळताना आणि तुमच्याशी आवाज काढताना, कारण दवाखान्यात बाळं रडतात आणि काहीच करून दाखवत नाहीत. माता-बाल संरक्षण कार्ड आणि जन्माच्या वेळची डिस्चार्जची फाईल सोबत न्या. शंका वाटली तर ते डासी करायला सांगतील, बडोद्यात प्रमिला फाटक यांनी भारतीय बाळांसाठी बसवलेली चाचणी आहे ती, बाळाला खेळवूनच करतात, दुखत काही नाही. खासगीत परवडत नसेल तर जिल्हा रुग्णालयातलं शीघ्र हस्तक्षेप केंद्र, म्हणजेच डीईआयसी, बघा, राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाखाली चालतं, तो कार्यक्रम २०१३ मध्ये आपल्या पालघरमधूनच सुरू झाला. तिथे फिजिओ, कानाची तपासणी, सगळं मोफत आहे, डीईआयसी कुठे म्हणून विचारलं की दाखवतात, आणि तिथे जायला खासगी डॉक्टरची चिठ्ठी लागत नाही.